सव्वीस काचा, नऊ रेघा

१

सव्वीस काचांपैकी पंचवीस काचांवर काहीच सापडलं नव्हतं, आणि त्या मंगळवारी सकाळी आरोग्य कार्यालयात हाच सगळ्यात मोठा गुन्हा ठरला होता.

साहेबांनी काचपट्ट्यांची लाकडी पेटी भिंगबाईंच्या टेबलावर ठेवली आणि पेटीवर एक टाइप केलेलं पत्र ठेवलं. सही तेवढी व्हायची होती. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं. ‘प्रत्यक्ष नमुने न घेता खोट्या काचा सादर केल्याबद्दल’ असा मजकूर होता, आणि त्याखाली नोकरी संपण्याची तारीख होती. शुक्रवारची.

“तीन दिवस आहेत,” साहेब म्हणाले. “तुम्ही काचा एकदा बघा. मला कोणावर अन्याय करायचा नाही. पण कोणी मला मूर्ख बनवावं हेही मला चालणार नाही.”

चौतीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्यामुळे बाईंचं खरं नाव पगाराच्या यादीपुरतंच उरलं होतं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. ज्या मुलीच्या नावाने हे पत्र होतं तिलाही असंच एक टोपणनाव होतं. बोटाला सुई टोचून रक्त घेणं हे तिचं काम, म्हणून ती टाचणी. अकरा वर्षांपूर्वी बाईंनीच तिला काच धरायला शिकवलं होतं.

प्रकरण वरवर पाहता सोपं होतं. शहरातल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला सव्वीस माणसं होती, आणि त्यांची हत्तीरोगाची तपासणी झाली होती. दोऱ्यासारखा एक जंत माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं घर करून राहतो आणि त्याची पिल्लं रक्तात फिरतात. डास ती उचलतो आणि दुसऱ्याच्या अंगात नेऊन सोडतो. पाय सुजून खांबासारखा होईपर्यंत माणसाला बहुधा पत्ताही लागत नाही. हा रोग पकडण्याच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे कार्ड. त्यावर रक्ताचा थेंब टाकला आणि दहा मिनिटांनी दुसरी रेघ उमटली, की मोठा जंत अंगात आहे असं समजायचं. दुसरी म्हणजे काच. तिच्यावर रक्त पसरून, वाळवून, रंगवून मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष पिल्लं पाहायची. पिल्लं दिवसा फुप्फुसांत दडून बसतात आणि रात्री रक्तात उतरतात, म्हणून काचेचं रक्त रात्री दहा ते दोनच्या दरम्यानच घ्यायचं, असा खात्याचा नियम होता.

“कार्डं म्हणतात नऊ जणांना रोग आहे,” साहेब म्हणाले. “काचा म्हणतात एकालाच. शहरात इतर ठिकाणी कार्डावर दहा निघाले तर काचेवर पाच-सहा तरी निघतात. इथं नवांत एक. दोघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय, बाई, आणि कार्डाला खोटं बोलायला तोंड नाही.”

“काचेला तरी कुठं आहे?” बाई म्हणाल्या.

“काच करणारीला आहे. अर्ध्या रात्री छापखान्यात जायचा कंटाळा आला असेल. घरी बसून स्वतःच्या बोटाला सव्वीस वेळा टोचलं की झालं काम.”

साहेब गेले. बाईंनी पहिली काच भिंगाखाली सरकवली.

दुपारपर्यंत त्यांनी अठरा काचा पाहिल्या, एकेक रेषा, शेतात नांगर फिरवावा तशी. जंताचं एकही पिल्लू दिसलं नाही. दिसलं ते वेगळंच. एका काचेवर नारिंगी दाण्यांच्या पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी होती, शेजारच्या काचेवर त्या शोधाव्या लागत होत्या. तिसऱ्या काचेवरच्या माणसाला रक्त दिलं त्या दिवशी कुठंतरी पू झालेला असणार. रक्ताला माणसाच्या चेहऱ्यासारखीच ठेवण असते, हे बाईंना रोज दिसायचं आणि रोज थोडं नवल वाटायचं. एका बोटाचं हे रक्त नव्हतंच.

आणि प्रत्येक काचेच्या कडेला, अगदी प्रत्येक काचेच्या, काळे ओबडधोबड कण होते. ते रक्ताचे नव्हते.

२

“माझ्या रंगात कण?” रंगाऱ्याने विचारलं. काचा धुऊन रंगवणं हे त्याचं काम, आणि त्याच्या नाकावरचा राग सगळ्या प्रयोगशाळेला माहीत होता. “माझा रंग दोनदा गाळलेला असतो, बाई. आणि तो जांभळा असतो. हे तर डांबर दिसतंय.”

“बरं, रंग तुझा नाही. पण पाणी? जोरात धुतलंस आणि पिल्लं वाहून गेली, असं झालं नसेल?”

रंगाऱ्याने हातातला चिमटा खाली ठेवला. “त्याच दिवशी, त्याच पाण्यात, गोदामामागच्या वस्तीच्या चाळीस काचा धुतल्या. त्यांत सात सापडल्या. आता माझं पाणी काय माणसं ओळखून पिल्लं पळवतं?”

“चिडू नकोस रे.”

“चिडत नाही. पण त्या पोरीला वाचवायला मला बुडवू नका.”

संध्याकाळी बाई टाचणीच्या घरी गेल्या. दोन खोल्या होत्या, दारात चपला नीट रांगेत, आणि बाहेरच्या खोलीत तिचे सासरे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. बाई आल्या तरी वर्तमानपत्र खाली आलं नाही.

“आठ दिवस झाले, मामंजी माझ्याशी बोलत नाहीत,” आतल्या खोलीत चहाचं आधण ठेवताना टाचणी हळू म्हणाली. “जन्मभर शाळेत शिकवलं त्यांनी. नक्कल करताना सापडलेल्या पोराकडे बघावं तसं बघतात.”

“तू मला उत्तरं दे. किती वाजता गेलीस?”

“सव्वाअकराला सुरुवात केली, पावणेएकला संपवलं. मशीन चालू होतं, जमीन नुसती थरथरत होती. काच टेबलावर ठेवली की आपोआप चालायला लागायची. मुकादमाने एकेकाला पाठवलं.”

“नावं तपासलीस?”

“मुकादम नाव सांगत होता, मी लिहीत होते.” ती थांबली. “त्याने माणसं बदलली असं म्हणता? पण बाई, बदलून आणणार कोण? त्या रात्री तिथं सव्वीसच माणसं होती आणि मी सव्वीसही बोटं टोचली. याचं रक्त त्याच्या नावावर गेलं असेल फार तर. म्हणून काय सगळ्या छापखान्यातून रोग नाहीसा होईल?”

हा मुद्दा बाईंना सुचला नव्हता. त्यांनी मनातल्या यादीतून मुकादमाचं नाव खोडलं. “काचेच्या कडेला काळं काय आहे?”

टाचणीने स्वतःच्या बोटाचं पेर पुढे केलं आणि त्यावरच्या बारीक रेषांवरून नख फिरवलं. “शाई. छापखान्याची. त्यांच्या बोटांच्या रेषारेषांत मुरलेली असते. स्पिरिटने तीन-तीनदा पुसलं, तरी थेंबाबरोबर थोडी येतेच. मी त्यांना म्हटलं, तुमचं रक्त तरी लाल आहे ना, का तेही छापून घेता? तर एक जण म्हणाला, पहिल्या पानाचं लाल, आतलं काळं.”

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला.

“म्हणजे काचा खऱ्या आहेत,” दारात उभे राहून सासरे म्हणाले. आठ दिवसांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं, आणि तेही त्यांनी बाईंकडे बघून उच्चारलं.

“काचा खऱ्या आहेत,” बाई म्हणाल्या. “पण साहेबांना तेवढं पुरणार नाही. काचा खऱ्या, तर मग कार्डं खोटी आहेत हे मला दाखवावं लागेल.”

आणि कार्डं खोटी नाहीत, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत कळलं.

३

दवाखान्याचा कंपाउंडर गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस होता. छापखान्यातली कार्डं त्यानेच केली होती, आणि बाईंनी त्याला आल्या आल्या अडचणीत टाकलं.

“कार्ड दहा मिनिटांनी वाचायचं असतं. उशिरा वाचलं तर नसलेली रेघही दिसायला लागते. तुम्ही चहाला गेला होतात का?”

“गेलो होतो,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? आणि आल्यावर मलाच रुखरुख लागली. म्हणून दुसऱ्या दिवशी नवी कार्डं फोडली, घड्याळ समोर ठेवलं, आणि त्या नवांना पुन्हा टोचलं. नऊच्या नऊ रेघा पुन्हा आल्या. शिव्या मात्र अठरा खाल्ल्या.”

त्याने ड्रॉवरमधून दोन्ही दिवसांची कार्डं काढून टेबलावर मांडली. प्रत्येकावर वेळ लिहिलेली होती. नऊ फिकट गुलाबी रेघा वर, नऊ खाली. बाईंनी एकेक कार्ड उचलून उजेडात धरलं. अंगात कुठंतरी खोल, बोटभर लांबीचा एक जंत वर्षानुवर्षं न बोलता बसलेला असतो, आणि एका थेंबाच्या साक्षीवर कागदाचा कपटा त्याचं नाव सांगतो. कार्डाचं काम चोख होतं.

मग काच का गप्प होती?

साहेबांजवळ त्याचंही उत्तर तयार होतं. दुपारी बाईंनी कच्चा अहवाल सांगितला तेव्हा ते म्हणाले, “ठीक आहे, तिने रक्त घेतलं असं धरू. मग जंत म्हातारे असतील किंवा मेलेले. मेलेल्या जंताचे अंश कितीतरी दिवस रक्तात राहतात आणि कार्ड त्यावरही रेघ काढतं. म्हणजे छापखान्यात रोग संपलेला आहे. तसं असेल तर मी आनंदाने पत्र फाडतो. पण तसं लिहून सही तुम्ही करायची. उद्या तिथून नवा रोगी निघाला, तर मात्र काच निष्काळजीपणे बनवली असा अर्थ होईल, आणि ती काच तिचीच आहे.”

म्हणजे पत्र फाटायचं असेल तर छापखान्यात रोग नाही असं लिहून द्यावं लागणार होतं. बाई लिहायला बसल्यासुद्धा. तेवढ्यात दारात डासमामा येऊन उभे राहिले.

शहरभर भिंतीभिंतींवरून डास पकडून त्यांची पोटं फाडून बघणं, हा मामांचा एकवीस वर्षांचा उद्योग. त्यांच्या खिशात पेनाऐवजी काचेच्या नळ्या असत.

“ताई, ऐकलं की तुम्ही छापखान्याला निरोगी ठरवताय,” ते म्हणाले. “थांबा जरा.”

“का?”

“कामगारांच्या झोपायच्या हॉलमधून काल एकेचाळीस डास आणले. सकाळी गेलो की ते लोक अंगावर येतात, झोपू द्या म्हणतात, म्हणून संध्याकाळी पाचला गेलो, सगळे आंघोळीला गेल्यावर. चार डासांच्या छातीत जंताची पिल्लं वाढताना दिसली. आणि दोघांच्या पोटात तर लालभडक ताजं रक्त, आणि त्यात वळवळणारी जिवंत पिल्लं. मेलेल्या जंताला पोरं होत नाहीत, ताई.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. आता साक्षीदार तीन झाले होते. कार्ड म्हणत होतं रोग आहे, डास म्हणत होता रोग जिवंत आहे, आणि काच म्हणत होती काहीच नाही. तिघांपैकी एकाचाही खोटेपणा सिद्ध होत नव्हता.

“मामा,” त्या म्हणाल्या, “तो हॉल मला बघायचाय.”

४

बुधवारी दुपारी तीन वाजता मुकादमाने त्यांना जिन्याने वर नेलं. खाली मशीन थंड पडलं होतं. वर एक लांबच लांब हॉल होता. त्याच्या सगळ्या खिडक्यांच्या काचांवर रद्दी वर्तमानपत्रं खळीने चिकटवलेली होती, थरावर थर, उलटसुलट मथळे. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत दिवेलागणीसारखा अंधार होता. खाटांवर माणसं गाढ झोपली होती. बाईंचा आवाज आपोआप खाली आला.

दाराजवळच्या खाटेवर एक धिप्पाड माणूस उठून बसला. “आधी सुईवाली आली. मग कार्डवाला, तो दोनदा. मग डासवाला. तुम्ही काय न्यायला आलात? केस?”

“केस पांढरे आहेत तुमचे, काय करू नेऊन,” बाई म्हणाल्या.

तो हसला. शेजारच्या खाटेवरचा सडपातळ माणूसही कुशीवर वळून हसला. मुकादमाने ओळख करून दिली. दोघे सख्खे भाऊ, थोरला मशीन चालवतो, धाकटा तेलपाणी बघतो. सव्वीस काचांतली एकुलती एक रोगी काच धाकट्याची होती.

“दादाला पण कार्डावर रेघ आली,” धाकटा म्हणाला. “पण काचेवर काही नाही. तेव्हापासून हा मला घाणेरडा म्हणतो.”

“लहानपणापासून सगळं आयतं आधी यालाच मिळालं,” थोरला म्हणाला. “म्हटलं, हेही घे.”

“तुमच्या खाटा नेहमी अशाच शेजारी?” बाईंनी विचारलं.

“बारा वर्षं झाली. एकच मच्छरदाणी होती, तीही यानेच फाडली.”

एकच हॉल, तेच डास, तेच काम, आणि कार्डावर दोघांनाही रेघ. त्या रात्री टाचणीने दोघांनाही पाच मिनिटांच्या अंतराने टोचलं होतं. एकाच्या रक्तात पिल्लं होती आणि दुसऱ्याच्या नव्हती. बाई धाकट्याच्या खाटेच्या कडेला बसल्या.

“सुईवाली आली त्याआधीच्या दिवसांत तुम्ही काही वेगळं केलं होतंत? औषध? प्रवास?”

“मी नव्हतोच इथं. आई पडली ना, खुबा मोडला. महिनाभर तिच्याजवळ होतो. दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी परत आलो, मंगळवारी रात्री बाई सुई घेऊन हजर.”

“तिथं झोपायचात कधी?”

“कधी म्हणजे? रात्री. आईच्या खाटेखाली अंथरूण टाकून. दिवसा तिला उठवायचं, बसवायचं, चालवायचं. पहिले चार दिवस फार जड गेलं, नंतर जमलं. आणि इथं आलो तर पुन्हा उलटं. त्या मंगळवारी दुपारी मी टक्क जागा आणि हा माझ्या कानाशी घोरतोय.”

“मी घोरत नाही,” थोरला म्हणाला. “मी श्वास घेतो. आणि घोरलो तर डास तरी लांब राहतात, म्हणून घोरतो. दुपारभर फोडून काढतात हो.”

“दुपारी?”

“मग कधी? रात्री आम्ही मशीनपाशी, पायावर कोणी बसायला सवड तरी आहे का? ते येतात आमच्या झोपेच्या वेळेला. इथं काय, चोवीस तास रात्रच आहे.”

बाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि कागदाच्या थरांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कागद उन्हाने गरम झाला होता. एका खाटेवर कोणीतरी झोपेत काहीतरी पुटपुटलं. दोघे भाऊ सोडले तर चोवीस माणसं, संथ लयीत वर-खाली होणाऱ्या चोवीस छात्या. पाच वाजता पकडलेल्या डासाच्या पोटात ताजं रक्त होतं. ताजं म्हणजे दुपारचं.

चौतीस वर्षं त्यांनी हजारो काचा पाहिल्या होत्या, आणि ज्याला त्या रात्र समजत होत्या ती रात्र नव्हतीच.

“मुकादम,” वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “उद्या दुपारी एक वाजता ही सगळी माणसं अशीच झोपलेली असायला हवीत. आणि त्यांना आज सांगून ठेवा, की झोपेत बोटाला टोचणार आहोत.”

“माझं तोडून नेलं तरी मला जाग येणार नाही,” थोरला म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

५

गुरुवारी दुपारी जिन्याच्या चौकात एका स्टुलावर मायक्रोस्कोप ठेवला होता. बाईंनी खिडकीवरच्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा सोलून काढला होता. त्यातून आलेली उन्हाची तिरीप मायक्रोस्कोपच्या आरशावर पडत होती. साहेब रुमालाने मान पुसत उभे होते. पत्र त्यांच्या हातातल्या फायलीत होतं. टाचणी भिंतीला टेकून, सुयांचा डबा छातीशी धरून उभी होती. दहा दिवसांत तिने डब्याला हात लावला नव्हता.

“सांगा,” साहेब म्हणाले.

“काचांवर शाई आहे, म्हणजे रक्त छापखान्यातल्याच बोटांचं आहे,” बाईंनी सुरुवात केली. “सव्वीस काचांवर सव्वीस वेगवेगळी रक्तं आहेत. आणि त्याच पाण्यात धुतलेल्या दुसऱ्या काचांवर पिल्लं टिकली आहेत. म्हणजे हिने काम केलं, रंगाऱ्याने काम केलं, आणि कार्डंही खरी आहेत. डास सांगतो की इथं कोणाच्या तरी रक्तात पिल्लं आहेत. फक्त आपल्याला ती दिसत नाहीत.”

“का?”

“आपण नियम पाळला म्हणून. रात्री दहा ते दोन.”

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. “तो नियम मी घातलेला नाही. पिल्लं रात्रीच बाहेर येतात.”

“मीही तसंच शिकले आणि हिला तसंच शिकवलं. पण साहेब, रक्तात कुठला आलाय उजेड? नसांच्या आत बाराही महिने काळोखच. तिथल्या केसाहून बारीक जिवाला बाहेर सूर्य बुडाला हे सांगणार कोण? त्याला सूर्य कळत नसणार. त्याला एवढंच कळत असणार, की आपण ज्याच्या अंगात आहोत तो माणूस आता झोपलाय. श्वास संथ झाला, शरीर सैलावलं. कशावरून नेमकं कळतं, ते पूर्ण मलाही सांगता येणार नाही. पण तुम्ही-आम्ही रात्री झोपतो म्हणून आपली पिल्लं रात्री उठतात. ही माणसं बारा-बारा वर्षं दिवसा झोपतात.”

“मग त्या एकाच्या काचेवर रात्री कशी सापडली?”

“तो महिनाभर आईच्या उशाशी रात्री झोपत होता. परत येऊन दीड दिवस झाला होता. त्याच्या पिल्लांना अजून पाळी बदलल्याचं कळलं नव्हतं.”

हे पटलं असं साहेबांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं, पण हातातली फाइल त्यांनी जिन्याच्या कठड्यावर ठेवली.

“जा गं,” बाई म्हणाल्या.

टाचणी अनवाणी आत गेली. थोरला उताणा झोपला होता, एक हात खाटेबाहेर लोंबकळत होता. ती गुडघ्यांवर बसली, बोट पुसलं, पुन्हा पुसलं, तिसऱ्यांदा पुसलं आणि सुई टोचली. त्याचा श्वास तसाच चालू राहिला. थेंब काचेवर घेऊन, त्यावर पातळ काच ठेवून ती जवळजवळ धावतच चौकात आली. वाळवणं नाही, रंगवणं नाही. ओलं, गरम रक्त.

बाईंनी काच सरकवली, डोळा लावला आणि स्क्रू फिरवला. मग त्या बाजूला झाल्या. त्यांनी हाताने साहेबांना पुढे बोलावलं.

साहेब वाकले. लाल पेशींचा दाट, स्थिर समुद्र होता. मग त्याचा एक कोपरा हलला. पेशी एकमेकींवर आपटल्या, बाजूला झाल्या, आणि त्यांच्यामधून काचेच्या तंतूसारखं काहीतरी वळसे घेत, झटके देत पुढे आलं. त्याच्या मागे दुसरं. वरच्या कडेला तिसरं, स्वतःभोवती गाठ मारून ती सोडवणारं. भर दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी, बाहेर रस्त्यावर डांबर मऊ होत असताना, एका माणसाच्या आतल्या मध्यरात्री ते आपल्या ठरल्या वेळी कामावर आले होते.

साहेब बराच वेळ वाकलेलेच राहिले. मान वर केली तेव्हा त्यांचा चष्मा धुरकट झाला होता.

“यांना आपला नियम कोणीच शिकवलेला नाही,” ते म्हणाले. हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटलं, ते कळलं नाही.

तीन वाजेपर्यंत टाचणीने उरलेले आठही जण टोचले. आठांपैकी सहांच्या रक्तात पिल्लं सापडली. त्यांत धाकटाही होता. दोन आठवडे पुन्हा दिवसा झोपून त्याची पिल्लंही आता दुपारी उठू लागली होती. दोघांच्या थेंबात काहीच दिसलं नाही. त्यांचे जंत कदाचित खरोखरच म्हातारे असतील. कार्ड एक गोष्ट सांगत होतं, काच दुसरी, आणि दोन्हींना योग्य वेळी विचारलं तरच दोन्ही खरं बोलत होती.

सगळे उठल्यावर थोरल्याने हट्टच धरला. “माझ्या अंगातले आहेत, मला बघायला नको?”

त्याने भिंगाला डोळा लावला. त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

“हे रोज असं करतात?”

“रोज,” टाचणी म्हणाली. “तुम्ही झोपलात की.”

“आणि मी उठलो की?”

“फुप्फुसांत जाऊन बसतात. तुम्ही पुन्हा झोपेपर्यंत.”

“बारा वर्षांत एक खाडा नाही यांचा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा कमी आणि आदर जास्त होता. मग त्याने सरळ होऊन हात पुढे केला. टाचणीने त्याच्या वजनाप्रमाणे गोळ्या मोजून तळहातावर ठेवल्या, आधी जेवा, रात्री थोडा ताप येईल, घाबरू नका, असं बजावलं, आणि नोंदवही उघडून स्टुलावर ठेवली.

वहीत प्रत्येक ओळीला ‘रक्त घेतले, रात्री’ एवढे शब्द छापलेले होते आणि पुढे वेळेसाठी जागा होती. टाचणीचं पेन ‘रात्री’ या शब्दावर येऊन थांबलं. सरकारी वहीत छापील शब्द खोडायचा तर शेजारी साहेबांची सही लागे, आणि तशी सही या साहेबांनी आजवर कोणालाच दिली नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

साहेबांनी कठड्यावरची फाइल उचलली होती आणि ते पत्र घडी घालून खिशात टाकत होते. ते पुढे आले. तिच्या हातातलं पेन त्यांनी मागून घेतलं, पहिल्या ओळीतला तो शब्द स्वतः एका रेघेने खोडला, वर ‘झोपेत’ असं लिहिलं आणि शेजारी सही केली. मग खालच्या आठही ओळींत त्यांनी तेच केलं, न घाई करता, प्रत्येक सही पूर्ण.

“वेळ तुम्ही भरा,” पेन परत देताना ते म्हणाले. “तुम्ही घेतलंय रक्त.”

टाचणीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं नाही. तिला वेळा पाठ होत्या. तिने खाली वाकून पहिल्या ओळीत लिहिलं, दुपारी एक वाजून आठ मिनिटे.